पुणे-मुंबईहून बेळगाव आणि निपाणी : अंतर व लागणारा वेळ

गावाकडून अचानक फोन आला की घरात पहिला प्रश्न हाच, गाडीने निघायचे की विमान बघायचे? उत्तर कुठून निघता आणि कुठे उतरायचे यावर आहे.

पुण्याहून बेळगाव महामार्गाने साधारण ३४० किलोमीटर. मध्ये जेवायला थांबून साडेसहा-सात तास धरावेत. सातारा ते कागल या टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे आणखी तासभर जातो. निपाणी याच रस्त्यावर, बेळगावच्या अलीकडे सुमारे ७५ किलोमीटर. मुंबईहून बेळगाव पाचशेच्या आत-बाहेर, म्हणजे नऊ-दहा तास.

आता विमान. सांबऱ्याचा विमानतळ शहरापासून दहाएक किलोमीटरवर. १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने तो बांधला, नवी इमारत २०१७ मध्ये झाली. मुंबई ते सांबरा हवाई अंतर सुमारे ४०० किलोमीटर, उड्डाण सव्वा तासाच्या आसपास. पण सव्वा तास हा आकडा फसवा आहे. घरापासून विमानतळ दीड तास, तिथे दीड-दोन तास आधी हजर राहायचे, उतरल्यावर सामान आणि रिक्षा. घरच्या उंबऱ्यापर्यंत पाच ते साडेपाच तास होतातच. तरी मुंबईकरांचा वेळ जवळपास निम्मा वाचतो. पुण्याहून हवाई अंतर ३१० किलोमीटर. विमान मिळाले तरी फायदा जेमतेम तास-दीड तासाचा. सांबऱ्याहून आजवर कितीतरी मार्ग सुरू झाले आणि बंदही पडले, तेव्हा मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये.

निपाणीकरांनी सांबऱ्याला उतरणे म्हणजे पुढे जाऊन तासा-दीड तासाने मागे येणे. त्यांना कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ जवळ, चाळीस किलोमीटरच्या आत. निपाणीला रेल्वे नाही, त्यामुळे आपली खरी भिस्त रस्त्यावरच.

आणि हा रस्ता दोन कारणांनी अडतो. एक पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पंचगंगेचे आणि यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक बंद झाली. कोल्हापूर-निपाणी एरवी पाऊण तासाचे अंतर, पण त्या दिवसांत ते ओलांडताच येईना. जुलै-ऑगस्टमध्ये आजारी माणसाला भेटायला निघताना आधी नदीची पातळी विचारावी, मग सामान भरावे.

दुसरे कारण आपल्याला सांगायला नको. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बस थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये तेच झाले. अशा वेळी एसटीने कागलपर्यंत यावे आणि कोगनोळी नाक्यापलीकडे घरच्या कुणाला गाडी घेऊन बोलवावे. कागलहून निपाणी वीसेक किलोमीटरच आहे. म्हातारी माणसे एकटी येणार असतील तर हे आधीच ठरवून ठेवा.

तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. २०१४ पासून सरकारी नाव बदलले आहे, त्यामुळे काही ठिकाणी ‘बेळगाव’ टाकून गाडी दिसत नाही. ‘बेळगावी’ टाकून पाहा. विमानासाठी सांकेतिक अक्षरे आयएक्सजी.