विटाळाच्या पावापासून वडापावापर्यंत

मुंबईच्या खाण्यापिण्याचा इतिहास सांगावयाचा म्हणजे पदार्थांची यादी करावयाची, अशी एक समजूत आहे. पदार्थांचे महत्त्व आहेच. परंतु कोण कोणाच्या शेजारी बसून जेवला आणि कोणाच्या हातचे खाल्ले, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. ज्या समाजात रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार या दोन कुंपणांनी माणसाची जागा ठरत असे, तेथे परक्याच्या दुकानात बसून घेतलेला चहाचा घोट ही देखील एक सामाजिक घटना होती. या इतिहासात सर्वांत लांबचा प्रवास ज्या जिनसेने केला, ती आपल्या घरोघरच्या न्याहारीची आहे. ती म्हणजे पाव.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला आणि १५३४ च्या तहाने वसई त्यांच्या हाती आली. पाव हा शब्दही त्यांचाच. येथे त्यांच्याकडचे खमीर मिळेना, तेव्हा माडाच्या ताडीने पीठ आंबवण्याची युक्ती निघाली. मिस्सेत अर्पण होणारी भाकर बेखमीर असते. पाव हा केवळ रोजच्या जेवणाचा. तरीही लोकांच्या मनात तो परधर्माचे चिन्ह होऊन बसला. रात्री विहिरीत पावाचा तुकडा टाकला, सकाळी गावाने पाणी भरले आणि गाव बाटला, ही कथा वसईपासून गोव्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती नीट ऐकली तर तिच्यात आक्रमणाइतकीच बहिष्काराचीही हकिकत सापडते. पावाच्या तुकड्याने पाणी नासले नव्हते. 'आता तुम्ही आमचे नव्हेत' असे म्हणून ज्यांनी दारे लावली, त्यांनी माणसे वेगळी केली. पुढे मुंबईत कोकणी 'माका' आणि पाव यांची जोडणी करून 'माकापाव' ही शिवी तयार झाली. ती शाळेच्या पटांगणात ऐकलेली ज्येष्ठ मंडळी आपल्यात आजही आहेत.

हा विटाळ केवळ अडाणी जनतेच्या मनात होता असे समजण्याचे कारण नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका समारंभात चहा आणि बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली आणि गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले व प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. पुण्यात चहाच्या पेल्याने अशी वादळे उठत असताना मुंबईत मात्र निराळेच काही घडू लागले होते.

गिरण्यांनी मुंबई भरून टाकली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची उभारणी हाती घेतली आणि पुढील काही दशकांत कोकण व घाटावरून हजारो माणसे कुटुंब गावी ठेवून येथे आली. त्यांना जेवू घातले ते खानावळींनी. चाळीतल्या एखाद्या खोलीत कोणी बाई दहा-वीस गिरणीकामगारांचा स्वयंपाक करी. पैसे पगाराच्या दिवशी. या बायांच्या श्रमांची दखल घेण्यास समाजाला फार वेळ लागला. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून त्यांना संघटित केले आणि बँकांची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कुठे त्यांना सावकाराच्या पाशातून सुटण्याचा मार्ग दिसला.

खानावळीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तिच्यात माया होती. परंतु ती बहुधा आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या माणसापुरती होती. धोबीतलावच्या परिसरातील गोवेकरांचे क्लबही गावागावांचेच होते. परक्या शहरात आलेल्या माणसाला असा निवारा हवाच असतो, हे मान्य. पण त्या पंगतीत परका क्वचितच बसे. हिंदू उपाहारगृहांपैकी कित्येकांच्या पाटीवर 'ब्राह्मणांचे' हा शब्द ठळक अक्षरांत असे, तो उगाच नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यझ्द आणि केरमान या प्रांतांतून इराणी आले आणि त्यांनी नाक्यानाक्यावर दुकाने थाटली. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर आरसे आणि गल्ल्यावर बसलेला अबोल मालक. 'इराण्याकडे' माया शोधावयास कोणी जात नसे. तेथे सूचनाच अधिक असत. पण दार सर्वांना उघडे होते. वकील, कारकून, टॅक्सीवाला, परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी आणि नोकरी सुटलेला बेकार, सारे एकाच प्रकारच्या पेल्यात चहा पीत आणि त्यात ब्रून मस्का बुडवीत. पाव भाजण्याचा धंदा मुंबईत प्रथम गोवेकर पोदेरांनी रुजवला. पुढे इराणीही त्या भट्ट्यांपाशी उभे राहिले. ज्या पावाने गावे बाटली म्हणत, तोच पाव मुंबईचा कारकून सकाळच्या घाईत खाऊ लागला आणि कोणी प्रायश्चित्त मागितले नाही.

दक्षिण कानडातून आलेल्या उडुपी मंडळींनी स्वस्त, स्वच्छ आणि झटपट शाकाहारी खाणे शहराला दिले. माटुंग्यात ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेले श्रीकृष्ण बोर्डिंग आजही केळीच्या पानावर जेवण वाढते. येथेही बाकड्यावर शेजारी कोण बसला आहे हे विचारण्याची सोय राहिली नाही. तथापि या धंद्याची काळी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फडका मारणारा 'पोऱ्या' ही मुंबईच्या हॉटेलांची कायमची ओळख होती. त्यांतील काही मुले रात्रशाळांत शिकून पुढे आली, हे खरे. असंख्य मुले टेबले पुसतच मोठी झाली, हेही तितकेच खरे. उपाहारगृहांत बालकामगार ठेवण्यास कायद्याने बंदी आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये.

आता वडापावाकडे वळू. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकण्यास प्रारंभ केला, असे मानले जाते. गिरणीच्या पाळीला धावणाऱ्या माणसाला ताट-वाटी न लागणारे, हातात मावणारे खाणे हवे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील बहुतेकांची कामे कायमची गेली. तेव्हा कित्येक घरांत चूल पेटती राहिली ती पदपथावरच्या वड्याच्या कढईमुळे. म्हणून वडापावाचे आज जे लाडिक कौतुक होते, ते मला अपुरे वाटते. मैदा, बटाटा आणि तेल यांचे हे खाणे पूर्णान्न नव्हे. ते थकलेल्या आणि घाईत असलेल्या माणसाचे, पुष्कळदा अगतिक माणसाचे अन्न आहे. त्याच्या चवीची वाखाणणी करताना त्या कढईमागे उभा असलेला गिरणीकामगार विसरला जाऊ नये.

तरीही या साध्या खाण्याने एक नवल घडवले आहे. ज्या पावाला हात लावला म्हणून पूर्वी माणूस परका ठरे, तोच पाव आज मराठी माणसाच्या अस्मितेचे चिन्ह होऊन मिरवतो आहे. यासाठी कोणी परिषद भरवली नाही, ठराव केला नाही. भुकेने आणि घाईने, काही पैशांत, ते साधले. सुधारकांची थोरवी यत्किंचितही कमी न करता म्हणावेसे वाटते की, संगमरवरी टेबलाने आणि पदपथावरच्या कढईनेही त्यांचे काम पुढे नेले आहे.

परंतु हे काम कायमचे झाले असे मानण्यासारखी परिस्थिती नाही. इराण्यांची दुकाने आता मोजकीच उरली आहेत. लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. शहराच्या हवेसाठी तो योग्यच आहे. पण लहान भट्टीवाल्याला तो खर्च पेलण्यास मदत झाली नाही, तर स्वस्त पाव महाग होईल. याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. याच शहरात, मासे-मटण खाणारा आहे म्हणून माणसाला घर नाकारले जाते. विटाळ हा शब्द कोणी उच्चारत नाही, एवढाच काय तो फरक. हॉटेलात शेजारी बसलेला चालतो, मजल्यावर शेजारी नको. आणि दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या समाजातील पोटज्ञातींच्या भिंती लग्नाच्या बोलणीत अजून कशा डोके वर काढतात, हेही आपण जाणतो. रोटीव्यवहाराचे कुंपण मोडले; बेटीव्यवहाराचे बरेचसे शिल्लक आहे.

सकाळी सायकलचा भोंगा वाजवीत येणारा पाववाला आळीतल्या प्रत्येक दारी थांबतो. त्याच्या टोपलीतला पाव सर्वांना एकच असतो. आपल्या पूर्वजांनी या पावापायी हेटाळणी सोसली. तेव्हा कोणाच्या ताटात काय आहे यावरून माणसाची किंमत ठरू लागली, तर तिला पहिला विरोध आपल्या घरांतून व्हावयास हवा.