फलन-संकल्पना : इतिहास आणि अध्यापन

'फलन म्हणजे सूत्र' ही माध्यमिक विद्यार्थ्याची समजूत निव्वळ अज्ञान मानणे योग्य नव्हे. तिला इतिहासाचा आधार आहे. लायप्निट्सने १६७३ मध्ये 'फुंक्तिओ' ही लॅटिन संज्ञा वक्राशी निगडित रेषांसंबंधी योजिली. योहान बेर्नुली याने १७१८ मध्ये चल व अचल राशींपासून घडलेल्या राशीस ते नाव दिले, आणि १७४८ मध्ये ऑयलरने फलनास वैश्लेषिक पदावलीच म्हटले. परंतु कंप पावणाऱ्या तारेचा आरंभीचा आकार एका सूत्रात बसेलच असे नाही, हे त्या काळच्या वादात दिसून आले. १७५५ मध्ये ऑयलरनेच राशींच्या परस्परावलंबनावर भर दिला. १८३७ मध्ये डिरिक्लेने 'क्ष'च्या प्रत्येक मूल्यास 'य'चे एकच मूल्य, मग सूत्र असो वा नसो, ही भूमिका घेतली.

आता शब्दाकडे वळू. 'फुंक्तिओ' म्हणजे कार्य पार पाडणे. 'फलन' मात्र निष्पत्तीकडे लक्ष वेधते. त्यामुळे फलन व त्याचे मूल्य यांची गल्लत होण्यास आपली संज्ञाच वाव देते, असे आम्हांस वाटते. म्हणून व्याख्येपूर्वी रोजच्या दुपारच्या तापमानाचा तक्ता विद्यार्थ्यापुढे ठेवावा : तेथे सूत्र नाही, फलन मात्र आहे.