हवाई रुग्णवाहिका पथकाचे प्रशिक्षण (चेन्नई)

अत्यवस्थ रुग्णाला विमानाने किंवा हेलिकॉप्टरने एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेणारे वैमानिक, डॉक्टर, परिचारिका आणि पॅरामेडिक यांची पूर्वतयारी. चेन्नईत या विषयाला वजन आहे, कारण तिथे रुग्ण बाहेरून येतात. १९८३ मध्ये ग्रीम्स रोड परिसरात अपोलो रुग्णालय सुरू झाले, पुढे हृदय व फुप्फुस प्रत्यारोपणाची केंद्रे उभी राहिली. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत फुप्फुसे निकामी झालेले रुग्ण एकमो (रक्ताला शरीराबाहेर ऑक्सिजन देणाऱ्या) यंत्रासकट चेन्नई-हैदराबादला विमानाने आणले गेले, तेव्हा अशा प्रशिक्षित पथकांची गरज साऱ्या देशाला दिसली.

भारतात या पथकाचे दोन भाग पडतात आणि दोघांचे नियम सारखे नाहीत. वैमानिकांवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) करडी नजर असते. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण, बहुइंजिनी विमानाचे व उपकरणांच्या आधारे उडण्याचे मानांकन, ठरावीक विमानाचे प्रशिक्षण, पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी आणि दर सहा महिन्यांनी कौशल्यचाचणी हे सगळे लागते. मागे रुग्णाजवळ बसणाऱ्यांना मात्र असा कोणताही स्वतंत्र उड्डाण-परवाना नाही. डॉक्टरची नोंदणी वैद्यक परिषदेत, परिचारिकेची राज्याच्या परिचर्या परिषदेत. ती जमिनीवरच्या कामाची. हवेत काय यायला हवे, हे मुख्यतः सेवा चालवणारी कंपनी आणि रुग्णालय ठरवते. अमेरिकेतील कॅम्ट्स आणि युरोपातील युरामी या संस्थांची मानके नमुना म्हणून वापरतात, पण ती ऐच्छिक आहेत. या व्यवस्थेतली खरी उणीव हीच म्हणावी लागेल.

रूढ अपेक्षा अशी : डॉक्टर भूल, अतिदक्षता किंवा आपत्कालीन वैद्यकशास्त्रातला हवा. (ही शेवटची शाखा भारतात २००९ मध्ये स्वतंत्र विषय म्हणून मान्य झाली.) परिचारिका किंवा पॅरामेडिकला अतिदक्षता विभागाचा काही वर्षांचा अनुभव हवा. त्यावर बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण), एसीएलएस (प्रगत हृदय-जीवरक्षण), मुलांसाठी पाल्स, अपघातग्रस्तांसाठी आयटीएलएससारखे अभ्यासक्रम. यातल्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या प्रमाणपत्रांची मुदत दोन वर्षे असते. तमिळनाडूत डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठाचे अपघात व आपत्कालीन सेवा तंत्रज्ञान आणि अतिदक्षता तंत्रज्ञान हे पदवी अभ्यासक्रम आहेत. शिवाय २००८ पासून चालू असलेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेत तयार झालेले तंत्रज्ञही मिळतात. मनुष्यबळाचा पाया त्यामुळे बरा आहे. विमानवैद्यकाचे उच्च शिक्षण मात्र बंगळुरूला, हवाई दलाच्या संस्थेत.

हवेतल्या धड्यांचा गाभा म्हणजे दाब. विमान नेहमीच्या उंचीवर उडताना केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. चेन्नईचे विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम १६ मीटरवर आहे, म्हणजे रुग्ण काही मिनिटांत कोडाईकनालच्या उंचीवर जातो. ती महाबळेश्वरापेक्षाही बरीच जास्त. घाट चढताना वेफर्सचे पाकीट फुगते, तसाच शरीरात कोंडलेला वायू सात हजार फुटांवर सुमारे तीस टक्क्यांनी प्रसरण पावतो. छातीत साठलेली हवा फुप्फुस दाबू लागते, म्हणून छातीतली नळी जमिनीवरच घालायची. त्या नळीला एरवी जोडतात ती पाण्याची बाटली विमानात कलंडते, म्हणून तिच्याऐवजी एकाच दिशेने उघडणारी झडप जोडायची. श्वासनलिकेतल्या नळीचा कफ फुगून आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तोडू शकतो. प्रशिक्षणार्थीला दाबमापक हातात देऊन हे शिकवतात : पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरइतका दाब राखायचा, विमान वर जाताना कफमधली हवा थोडी काढायची आणि उतरताना आठवणीने परत भरायची. दुसरे पाऊल विसरले, तर कफ सैल पडतो, तोंडातली लाळ फुप्फुसात उतरते आणि तिचा त्रास रुग्णाला दुसऱ्या दिवशी वॉर्डात होतो. कवटीत हवा शिरली असेल, तर वैमानिकाला खालून उडायला सांगायचे. त्यात इंधन जास्त जळते आणि हादरेही जास्त बसतात. असा निर्णय पुढच्या-मागच्यांनी मिळून घ्यायचा, म्हणून काही धडे दोघांना एकत्र देणे शहाणपणाचे.

स्टेथोस्कोप इंजिनच्या आवाजात निकामी ठरतो. श्वासनलिकेतली नळी जागेवर आहे की नाही, हे उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावरून ओळखायचे. ऑक्सिजनचा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर मांडायचा. पुण्याहून चेन्नईला टर्बोप्रॉप विमानाला हवेत सुमारे दोन तास, पण खाटेपासून खाटेपर्यंत चार. मिनिटाला १० लिटरप्रमाणे २,४०० लिटर झाले. दीडपट धरून ३,६००. म्हणजे सुमारे १,५०० लिटरचे बी-टाइप सिलिंडर तीन. विमानतळ ते रुग्णालय हा कत्तिपारा चौकातून जाणारा रस्ता हिशेबात धरायला नवखे विसरतात.

एकमोचा रुग्ण ही वेगळीच परीक्षा. पंप बंद पडला, तर नळ्या कुठे व कोणत्या क्रमाने चिमट्याने बंद करायच्या आणि हँडल बसवून पंप हाताने कसा फिरवायचा, याचा सराव अरुंद जागेत, गुडघ्यांवर बसून, पुन्हापुन्हा करून घ्यावा लागतो. इथे पर्फ्युजनिस्टही (हे यंत्र चालवणारा तंत्रज्ञ) पथकात लागतो. माणसे वाढली की वजन वाढते, म्हणून प्रत्येकाचे आणि प्रत्येक पेटीचे वजन आधी नोंदवतात. सर्दी झालेल्या सदस्याला उड्डाणाला मनाई असते, कारण नाक चोंदले की उतरताना कानाचा पडदा फाटू शकतो.

सुरक्षेचे धडे अपघातांनी लिहिले. २५ मे २०११ रोजी पाटण्याहून दिल्लीला रुग्ण आणणारे पिलाटस पीसी-१२ विमान खराब हवामानात फरिदाबादच्या वस्तीवर कोसळले. विमानातले सात आणि जमिनीवरचे तीन जण दगावले. ६ मे २०२१ रोजी नागपुरातून रुग्ण घेऊन उडालेल्या बीचक्राफ्ट सी-९० चे चाक धावपट्टीवरच निखळले. मुंबईत फेस पसरून विमान पोटावर उतरवले गेले आणि पाचही जण बचावले. अशा वेळी रुग्णाचे पट्टे, ऑक्सिजनची कळ आणि दार या तिन्हींकडे कोणी पाहायचे, हे वैद्यकीय सदस्यांना आधी पाठ हवे. पाश्चात्त्य सेवांतून आलेली एक शिस्त इथेही लागू पडते : हवामानाचा निर्णय होईपर्यंत वैमानिकाला रुग्णाची अवस्था सांगायची नाही, म्हणजे दयेपोटी तो धोका पत्करणार नाही. आणि पथकातल्या एकाने जरी ‘नको’ म्हटले, तरी उड्डाण रद्द.

नातेवाइकांशी बोलणे अभ्यासक्रमात जेमतेम असते. चेन्नईच्या पथकाला बंगाली, हिंदी, मराठी बोलणाऱ्या घरांतली माणसे रोज भेटतात. वाटेत मृत्यू येऊ शकतो, हे संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी त्यांना कळेल अशा भाषेत सांगणे हेही कौशल्यच आहे.

आयआयटी मद्रासमध्ये जन्मलेल्या ईप्लेन कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या आयकॅट या हवाई रुग्णवाहिका संस्थेला विजेवर उडणारी, जागच्या जागी सरळ वर उड्डाण करणारी ७८८ विमाने देण्याचा करार जाहीर केला. अशा प्रत्येक विमानात एक वैमानिक, एक पॅरामेडिक आणि स्ट्रेचरवरचा रुग्ण मावेल. शहरावरून कमी उंचीने जाणाऱ्या या विमानांत दाबाचा धडा बराच हलका होईल. पण आज डॉक्टर आणि परिचारिका वाटून घेतात ती कामे एकट्या पॅरामेडिकला करावी लागतील, आणि त्याला उड्डाणात स्वतःच्या अधिकारात किती औषधे व उपचार देता येतील, हे आधी ठरवावे लागेल.