चावडी, पार आणि खरेदीखत
(नाणे मावळांतील जमिनींच्या देवघेवीचा व लुप्त झालेल्या बैठकींचा वृत्तांत)

कोणत्याही प्रांताचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे हे आधीं पुढें येतात. मावळाचेंही तसेंच आहे. १७७९ च्या जानेवारींत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, ज्यास आपले लोक इष्टुर फांकडा म्हणत, तो पडला आणि त्याच महिन्यांत वडगांवचा तह झाला, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. परंतु ज्या शेतांतून त्या फौजा गेल्या तीं शेतें पुढें कोणाच्या हातीं गेलीं, आणि तीं देतां-घेतांना माणसें कोठें बसून बोललीं, याची वार्ता फारशी कोणी ठेविलेली नाहीं. ज्युबिलीच्या निमित्तानें मागें वळून पाहावयाचें, तर या दुसऱ्या इतिहासाकडेही एकदां पाहावें, या हेतूनें हा अल्प लेख वाचकांपुढें ठेवीत आहों.

वडिवळें हें नाणे मावळांतील गांव. कामशेत स्टेशनापासून तें जवळच आहे. इंद्रायणी व कुंडलिका या नद्यांच्या संगमावर संगमेश्वराचें जुनें देऊळ, सभोंवार भाताचीं खाचरें, आणि पलीकडे डोंगरांची रांग, असें याचें रूप. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत पाऊस अपार आणि सपाट भूमि थोडी. म्हणून येथील माणसास एकेक खाचर पोटच्या पोरासारखें. पूर्वीं येथें आंबेमोहोराचा घमघमाट असे. १९८७ सालीं वडगांवच्या संशोधन केंद्रांतून 'इंद्रायणी' हें वाण बाहेर पडलें आणि आज मावळाचा तांदूळ त्याच नांवानें शहरांत ओळखला जातो.

आतां जमीन आणि बैठक यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. पवित्र शास्त्राच्या वाचकांस याचें उत्तर ठाऊक आहे. अब्राहामानें साऱ्येच्या दफनासाठीं मकपेलाची गुहा विकत घेतली ती चारशें शेकेल रुपें तोलून, आणि तीही नगराच्या वेशींत, सर्व लोकांच्या देखत. बवाजानें नामीचें शेत सोडविलें तेंही वेशींतच, दहा वडील माणसें बसवून. त्या काळीं माणसें जेथें गप्पा मारीत, तंटे तोडीत, सोयरिका जुळवीत, तेथेंच जमीन एका हातांतून दुसऱ्या हातांत जाई. बैठकीची जागा हीच नोंदणीची कचेरी होती.

मावळांतही हीच रीत फार जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहावर, येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांस दिसेल अशा ठिकाणीं, जमिनीच्या दानाचे लेख कोरलेले आहेत. नहपानाचा जांवई उषवदात यानें वलुरक लेण्यांतील भिक्षूंच्या निर्वाहासाठीं करजिक नांवाचा गांव दिला, असा त्यांतील एक लेख आहे. आणि सातवाहनांच्या काळच्या दुसऱ्या लेखांत याच प्रदेशाचें 'मामाल' हें नांव आढळतें. आपल्या 'मावळ' शब्दाचें तें प्राचीन रूप होय. म्हणजे सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं या खोऱ्यांतील जमिनीचा व्यवहार झाला, तो दगडावर आणि चारचौघांसमोर.

पुढें दगडाची जागा कागदानें घेतली, तरी चारचौघे राहिले. चावडीवर पाटील-कुळकर्णी बसत, शेजारचे खातेदार चतुःसीमा सांगत, आणि ज्यास सही येत नसे तो कुणबी नांगराची निशाणी करी. बांधावर कोणाची वाट आहे, कोणत्या विहिरीवर कोणाची पाळी आहे, कोणत्या आंब्याखालीं गुरें बसतात, हें सारें तोंडीं सांगितलें जाई व ऐकणारे तें लक्षांत ठेवीत. मात्र या जुन्या काळाचें वर्णन करतांना एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. त्या पारावर सर्वांस बसतां येत नव्हतें. अस्पृश्य मानलेल्या बंधूंस दूर उभें राहावें लागे, आणि स्त्रियांचा शब्द तर विचारलाच जात नसे. महार वतनादि कनिष्ठ वतनें १९५८ च्या कायद्यानें संपलीं, ती त्या व्यवस्थेच्या शेवटाची एक खूण होय. गेलेल्या काळाबद्दल हळहळ वाटावी, पण ती डोळस असावी.

ख्रिस्ती समाजाच्या इतिहासांतही भूमिदानाचें एक ठळक पान आहे. पेशव्यांच्या फौजेंत पोर्तुगीज व गोमंतकीय शिपाई चाकरीस होते. त्यांच्या उपासनेसाठीं १७९२ सालीं सवाई माधवराव पेशव्यांनीं पुण्यांत जागा दिली, आणि तेथें अमलोद्भव मातेचें देऊळ उभें राहिलें. लोक त्यास सिटी चर्च म्हणतात. देणारा एका धर्माचा, घेणारे दुसऱ्या धर्माचे, आणि जागा शहराच्या वस्तींत. त्या अंगणांत रविवारीं मिस्सेनंतर जी मंडळी जमे, तिच्यांत चाकरीच्या, लग्नाच्या व घरभाड्याच्या किती वार्ता पिकल्या असतील, त्याची गणती कोण करील!

यानंतर आली आगगाडी. १८५८ च्या जूनमध्यें खंडाळा ते पुणें हा मार्ग सुरू झाला. परंतु बोरघाट मात्र उतारूंस पालखींतून वा तट्टावर चढावा-उतरावा लागे. १८५६ पासून चाललेलें घाटाचें काम १८६३ सालीं पुरें झालें. सुमारें सोळा मैलांत १,८३१ फूट चढण, पंचवीस बोगदे, आणि ऐन भरांत बेचाळीस हजारांपर्यंत मजूर. त्या मजुरांपैकीं किती पटकीनें व तापानें दगावले, त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. लोहमार्गासाठीं जमिनी घेतल्या गेल्या, आणि त्यांच्याच कडेला नव्या बैठकी जन्मास आल्या. घाटांत गाडीची दिशा बदलण्यासाठीं जें रिव्हर्सिंग स्टेशन होतें, तेथें गाडी थांबे, इंजिन फिरवून लावीत आणि उतारू दरींतील धुकें पाहात. १९२८-२९ च्या सुमारास नवा मार्ग झाला आणि तें स्टेशन ओस पडलें. १९३० च्या १ जूनला दख्खनची राणी विजेवर धावूं लागली. आपले आजे ज्यास 'गाडीचा विसावा' म्हणत, तो असा वेगानें गिळला.

लोणावळ्यास १८७७ सालीं नगरपालिका आली. मुंबईच्या सधन पारशी, गुजराती व इतर गृहस्थांनीं हवा खाण्यासाठीं बंगले बांधले. मजुरांच्या तोंडची गुडदाणी पुढें चिक्की होऊन पाहुण्यांच्या पिशवींत गेली. डोंगरावरच्या वरकस जमिनीस, जिला कोणी विचारीत नसे, 'देखाव्याची जागा' असें नवें मोल आलें. मावळांतील जमिनीची किंमत पिकावर न ठरतां दृश्यावर ठरूं लागली, ती येथूनच.

मग पाण्याची पाळी आली. १९११ सालीं टाटांच्या जलविद्युत् योजनेची कोनशिला लोणावळ्यास बसली आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे जाऊं लागली. लोणावळा, वळवण व शिरवटा या तलावांखालीं मावळची भूमि गेली. शेजारच्या मुळशी पेट्यांत मात्र लोकांनीं १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्याचे नेते. १९२४ पर्यंत लढा चालला. शेवटीं धरण झालेंच. या प्रकरणांतील एक गोष्ट आपणां सर्वांस विचार करावयास लावणारी आहे. पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नांवावर गेल्या होत्या. कागदावर ज्याचें नांव त्यास मोबदल्याची आशा. ज्याच्या घामानें खाचर पिकत असे, त्या मावळ्याच्या वाट्यास बेघरपण. सावकारांचा कल भरपाई घेऊन मोकळें होण्याकडे होता, आणि मावळा म्हणत होता कीं जमीनच द्या. लेख खरा असूनही न्याय खोटा ठरूं शकतो, हें मुळशीनें शिकविलें.

स्वातंत्र्यानंतर हा दोष दूर करण्याचा यत्न झाला. १९४८ च्या कूळकायद्यानें शेतकरी नसलेल्यास शेतजमीन परवानगीवाचून घेण्यास बंदी केली, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरून कसणारा कूळ मालक होऊं लागला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतांत राबलेल्या कुटुंबाचें नांव प्रथमच सात-बाऱ्यावर चढलें. परंतु शहर थांबलें नव्हतें. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनच्या कारखान्याची स्थापना झाली, १९७० सालीं पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. या वस्तीची तहान भागविण्यास १९७२ सालचें पवना धरण उपयोगी पडलें. त्याच्या कित्येक विस्थापितांस मात्र जमिनीसाठीं दशकेंच्या दशकें वाट पाहावी लागली. पवनेच्या जलवाहिनीवरून ९ ऑगस्ट २०११ रोजीं मावळांत गोळीबार होऊन तीन जीव गेले, तेव्हां हा जुना प्रश्न रक्तानें पुन्हां लिहिला गेला.

पुण्यांतही बैठकी विरत होत्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकाठचे वाडे, त्यांच्या ओसऱ्या, ओसरींवरचे अड्डे वाहून गेले. उघड्यावर आलेल्या कुटुंबांस शहराबाहेर घरें मिळालीं, पण तो शेजार पुन्हां जमला नाहीं. डेक्कन जिमखान्यावरचें 'लकी', कॅम्पांतलें 'नाझ', हीं इराणी उपाहारगृहें कित्येक वर्षें विद्यार्थ्यांचीं, लेखकांचीं व बेकार तरुणांचीं सभागृहेंच होतीं. एक कप चहा आणि बनमस्का घेऊन दोन तास बसलें तरी कोणी उठवीत नसे. कोपऱ्यावरच्या त्या जागांचें मोल चहाच्या मोलास झेपेनासें झालें, आणि त्या गेल्या. १९३५ सालचें 'गुडलक' आहे, हेंच नशीब.

आमच्या घाटांतही तेंच झालें. जुन्या हमरस्त्यानें जाणारी प्रत्येक एस.टी. आणि प्रत्येक मालमोटार खंडाळा-लोणावळ्याच्या बाजारांतून जाई. वडे, चहा आणि वर्तमान यांची देवघेव होई. २००० ते २००२ या काळांत सुमारें ९४ किलोमीटरांचा द्रुतगति मार्ग टप्प्याटप्प्यानें खुला झाला आणि मावळ हें थांबण्याचें ठिकाण न राहतां ओलांडण्याचें ठिकाण झालें. घाट चढतांना 'अमृतांजन पूल आला' म्हणजे लोणावळें आलें असें मुलें ओरडत. तो ब्रिटिशकालीन पूलही २०२० च्या एप्रिलमध्यें पाडण्यांत आला. ११ मार्च १९७८ पासून धावणारी पुणें-लोणावळा लोकल तेवढी राहिली आहे. कामशेतच्या फलाटावर दूधवाले, भाजीवाल्या आणि कामगार जमतात, तीच काय ती आमची आजची वेस.

आणि जमिनीचे व्यवहार? ते चावडीवरून उठून कोठें गेले? प्रथम ते बाजारांतल्या चहाच्या हॉटेलांत गेले, मग मोटारींत आणि शेवटीं शहरांतील कचेरींत. एकराची बोली जाऊन गुंठ्याची आली. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि एका गुंठ्यांत एक हजार एकूणनव्वद चौरस फूट, हें गणित आज शाळकरी मुलासही येतें. इसार, साठेखत, कुळमुखत्यारपत्र, हक्कसोड हे शब्द घराघरांत शिरले. महाराष्ट्रानें १९९४ सालीं व सर्व देशानें २००५ सालीं मुलींस वडिलार्जित मिळकतींत मुलाबरोबर हक्क दिला. पण भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्रही पुढें केलें जातें, हें आम्हीं अनेक घरांतून ऐकिलें आहे. जी स्त्री पूर्वीं पारावर बसूं शकत नव्हती, तिचा अंगठा आतां मात्र सर्वांस हवा असतो!

जमीन विकूंच नये, असा उपदेश आम्ही करीत नाहीं. कोणी मुलीच्या शिक्षणासाठीं विकतो, कोणी आजारासाठीं, कोणी कर्ज फेडण्यासाठीं. त्याचा न्याय करणारे आम्ही कोण? शहरासही पाणी व रस्ता हवा. प्रश्न एवढाच कीं खरेदीखतांत काय लिहिलें जातें आणि काय सुटतें. क्षेत्र लिहितात, आकार लिहितात, रक्कम लिहितात. पण नदीकडे जाणारी पाऊलवाट, गुरांचा विसावा, म्हाताऱ्यांचा कट्टा, सणाला जमण्याचें मैदान, हीं कोणाच्याच सात-बाऱ्यावर नसतात. म्हणून त्यांचा मोबदला कोणासच मिळत नाहीं. कुंपण पडलें कीं तीं मुकाट्यानें नाहींशीं होतात. नाबोथानें आपला मळा राजासही दिला नाहीं, तो केवळ द्राक्षांच्या भावासाठीं नव्हे. वाडवडिलांचें वतन असें ज्यास तो म्हणाला, त्यांत हें सारेंच येतें.

यास्तव वाचकांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, जमिनीचा व्यवहार करणें झाल्यास तो घरांतील सर्वांच्या, बहिणी-मुलींच्याही, देखत उघडपणें करावा. अंधारांत घाईनें झालेली सही फार महाग पडते. दुसरी ही कीं, बांधावरील वाट विकण्यापूर्वींच 'इतर हक्कांत' नोंदवून घ्यावी. वाट अडविली गेल्यास १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आंत दाद मागतां येते, आणि शेतांत जाण्यास मार्गच नसल्यास १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ चा आधार आहे. तिसरी ही कीं, आपल्या आजोबा-आजींस विचारून गांवांतील गेलेल्या बैठकींचीं नांवें लिहून ठेवावीं: कोणता पार, कोणती विहीर, कोणतें हॉटेल, आणि तेथें कोण बसत असे.

कार्ल्याच्या भिंतीवरील लेख आजही वाचतां येतात, कारण कोणीतरी ते कोरण्याचे श्रम घेतले. आपली अक्षरें दगडाचीं नसलीं तरी वहींतलीं असूं शकतात. तेवढें काम या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरानें केलें, तर पुढील पिढीस आपल्या गांवाची चतुःसीमा निदान मनांत तरी पुरी सांपडेल.