चुकलेली अवस

पानशेतचं धरण फुटलं ते दिव्याच्या अवसेला, असं आमची आजी शेवटपर्यंत सांगत होती. "गूळ घालून कणीक भिजवलेली, चाळणीत सोळा दिवे उकडायला मांडलेले. पाणी आलं आणि चाळणीसकट गेले गं!" सोळाचे कधी एकवीस व्हायचे, पण अवस बदलली नाही. नाना, म्हणजे आमचे आजोबा, हिशेबनीस माणूस. ते नुसतं म्हणायचे, "12 जुलै 1961. बुधवार." आणि पुढे तपकीर.

मी तेव्हा आठ वर्षांची. नारायण पेठेत नदीकडच्या अंगाला आमचा वाडा. आमचा म्हणजे मालकांचा. आम्ही आठातलं एक बिऱ्हाड. खबर कुणी आणली यावर घरात कधी एकमत झालं नाही. नाना म्हणत दूधवाल्यानं, आई म्हणे सायकलवरून ओरडत गेलेल्या कुणा पोरानं. मला स्वतःला आठवतं ते एवढंच, की दिंडीदरवाजाखालून चहाच्या रंगाचं पाणी सरपटत आत आलं आणि चौकातला एक पाट आपणहून हलला. मला त्याची मजा वाटली होती. मग नानांचा खांदा, टिळक रस्त्याच्या चढाकडे निघालेली माणसं, कुणाच्या काखेत देव, कुणाच्या शिलाई मशीन. आजीनं काय उचललं असेल? लोणच्याची बरणी. ती का, हे तिलाही कधी सांगता आलं नाही.

धरण मातीचं, अंबी नदीवरचं. काम पुरं झालं नव्हतं आणि त्याच पावसाळ्यात पाणी भरलं. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते म्हणे. सकाळी सातच्या सुमारास ते गेलं, ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि दुपारी जुना दगडी खडकवासलाही फुटला. पुण्याला नळाचं पाणी तिथूनच यायचं. म्हणजे घरात छातीभर पाणी आणि नळाला थेंब नाही. वीजही गेली. आमच्या वाड्यातल्या आडाकडे कित्येक वर्षं कुणी बघत नव्हतं. गाळ उपसल्यावर त्यालाच पुन्हा मान आला.

पेठांतले वाडे खाली दगडी जोत्याचे, मधे लाकडी सांगाडा आणि भिंती पांढऱ्या मातीच्या. पाणी रात्रीत उतरलं, पण भिंतींनी ते पिऊन ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि त्या बसायला लागल्या. 'पडल्या' असं आजी म्हणत नसे. बसल्या. दमलेलं माणूस ओट्यावर येऊन टेकतं तशा. आमच्या दोन खोल्यांतली एक बसली, एक राहिली.

मग काही दिवस एका शाळेत, काही दिवस आत्याकडे सदाशिव पेठेत, आणि पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या अर्धगोल पत्र्याच्या निस्सेन हटमध्ये. पिंप आडवं कापून जमिनीवर पालथं घालावं तसलं ते घर. भिंतीच वाकलेल्या, त्यामुळे आजीला फळी ठोकायला सरळ जागा मिळेना. पेठेतल्या बाईला कोनाडा नसलेलं घर म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. वर टेकडी, आजूबाजूला माळ, संध्याकाळी सातनंतर शुकशुकाट. "इथे कोल्हे येतात," असं ती भाजीवाल्याला सांगायची. कोल्हा काही मी पाहिला नाही. पुनर्वसनाचं काम बर्वेसाहेबांनी धडाडीनं केलं, हे नाना कबूल करत. सनदी नोकरीतले स. गो. बर्वे, पुढच्या वर्षी ते निवडणूक लढवून मंत्रीही झाले. पण कबूल करून झालं की नाना हळूच विचारत, "आज भाडं कोण नेऊन देतंय?"

कारण पेठेतल्या खोल्यांचं भाडं नाना भरत होते. जी राहिली तिचंही आणि जी बसली तिचंही. महिना सात रुपये. मालक म्हणाले, "अहो, नाही त्या खोलीचं कसलं भाडं?" नाना म्हणाले, "पावती द्या." त्या पावत्यांचा गठ्ठा माझ्याकडे आहे. त्यांच्या जोरावरच, नाना जाऊन बऱ्याच वर्षांनी वाडा पाडून इमारत झाली तेव्हा, आमच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आल्या. मी तिथेच राहते. माझा संसार सगळा कोथरूडला झाला; हे गेले, मुलगी बंगळूरला गेली आणि मी पेठेत परत आले. लोक उलटं करतात, मला ठाऊक आहे.

परत आले तेव्हा ओळखीचं एकही बिऱ्हाड नव्हतं. बोळाच्या तोंडाशी किराण्याचं दुकान होतं, तिथे अभ्यासिका. शिंप्याकडे झेरॉक्स. जिथे तिथे 'कॉट बेसिस'च्या पाट्या आणि रात्री अकरा वाजता टपरीवर चहा पीत राज्यघटनेची कलमं पाठ करणारी मुलं. सगळा मराठवाडा, खानदेश, सोलापूर इथे स्पर्धा परीक्षेला उतरलेलं. पहिले सहा महिने मी खिडकीतून नुसती कुरकुरले. मग बाहेरच्या खोलीत मीच तीन कॉट टाकल्या. पेन्शनला तेवढीच जोड, असं मुलीला सांगितलं. खरं म्हणजे संध्याकाळ जाता जात नसे.

त्यातली एक इंदापूरकडची. तिला चहा खारीशिवाय चालत नाही आणि झोपताना दिवा लागतो. एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना तिला पुराची गोष्ट सांगितली, आजीच्या चालीत, दिव्यांसकट. ही तारखांवर जगणारी पोर. तिनं तिथेच मोबाइल काढला. "आजी, अवस होती, पण दिव्याची नव्हती. ज्येष्ठातली होती. दिव्याची त्या वर्षी 11 ऑगस्टला आली."

मला रागच आला. साठ वर्षांची गोष्ट, आणि ही मला अवस शिकवते! रात्री अंथरुणावर पडून हिशेब केला. त्या साली ज्येष्ठ अधिक होता. असणारच, आत्याच्या यजमानांना अनारशांचं वाण दिलं ते मला आठवतं, आणि ते जेवण जुन्या वाड्यातच झालं, चौकात पंगत मांडून. अधिक महिना आला म्हणजे पुढचे सण लांबणार. मग पुराच्या दिवशी दिवे कुठून? ते आत्याकडे केले असतील, महिन्याभरानं. कणीक तिची, गूळ तिचा, चाळण तिची. आत्याकडे तशी ददात नव्हती, पण आजी तिथे पाहुणी होती. ते दिवे तिनं मनातल्या मनात उचलून आपल्या चुलीवर नेऊन ठेवले असावेत. तिला हे विचारायची सोय नाही आता. विचारलं असतं तर बरणी आदळली असती.

सकाळी पोरीला सांगितलं, तू म्हणतेस ते खरं. तिला जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही. म्हणाली, "आमची आजी पण असंच करते. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवाचं देऊळ वर येतं, तेव्हा ती जाते आणि चिखलात उभी राहून सांगते, इथे आमचं जातं, इथे गोठा. दर वेळी गोठा दुसरीकडे असतो." आमचं पाणी एका दिवसात येऊन गेलं, त्यांचं आलं ते राहिलंच. तिच्या आजीचं वय विचारलं. माझ्याहून तीन वर्षांनी लहान निघाली.

यंदा दिव्याच्या अवसेला आम्ही दिवे केले. मी कणकेचे म्हटलं, तिनं बाजरीचे. शेवटी दोन्ही केले. बाजरीचे जरा तडकले, पण तुपाबरोबर तेच आधी संपले. नांदेडची पोर डाएटवर, तिनं पाच खाल्ले. खाण्याआधी पोरीनं विचारलं, "आजी, पहिला दिवा तुमच्यात कुठे ठेवतात?"

वाड्यात तो आडाच्या काठावर ठेवायचे. आड आता पार्किंगच्या फरशीखाली आहे. नक्की कुठे, ते मी छातीठोकपणे सांगते, पण पोर माझ्याकडे जरा संशयानं बघत होती. पंपाशेजारी, टाकीच्या झाकणाजवळ जागा दाखवली. वॉचमनकाका धावत आले. "आजी, बाजूला स्कूटर आहेत, पेट्रोल असतंय." मग त्यांनीच दोन स्कूटर ढकलून लांब लावल्या, खुर्ची ओढली आणि दिवा विझेपर्यंत तिथे राखण करत बसले. त्यांच्यासाठी वाटीत दोन दिवे पाठवले, एक कणकेचा, एक बाजरीचा, वर तूप.