राखेची वीट

वीट म्हटली की माती आणि भट्टी डोळ्यांपुढे येते. आज एका न भाजलेल्या विटेची हकीकत ऐका.

नाशिकजवळ एकलहरे येथे औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७० साली सुरू झाला. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच वाढले. वीज दूरवर गेली. राख मात्र जागेवर राहिली. आपला दगडी कोळसा पडला राखाळ! शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. ती पाण्यात कालवून तलावात सोडायची, तर जमीन अडते. तलाव सुकला, की राख वाऱ्याने पिकांवर बसते.

आता जुने वाडे आठवा. गवंडी चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून घाणीत मळून घेत. सुरखी आणि चुना मिळून दगडासारखे घट्ट होतात. रोमन लोक सुरखीच्या जागी ज्वालामुखीची राख घेत. कोळशाची बारीक राखही त्याच गुणाची.

पण राख-चुना सावकाश घट्ट होतो. इथे जिप्सम कामी येते. चोपण जमिनीत तुम्ही घालता तेच. शेकडा पाचच्या आसपास मिसळले, की विटेला लवकर बळकटी येते. खतासाठी फॉस्फरिक आम्ल करणाऱ्या कारखान्यांत असे जिप्सम टाकाऊ म्हणून ढिगांनी उरते. त्यातले आम्ल तेवढे आधी काढावे लागते. विशाखापट्टणमचे संशोधक भानुमतीदास आणि कालिदास यांनी राख, चुना व जिप्सम यांची ही वीट प्रचारात आणली.

१४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली: वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटांतही किमान शेकडा २५ राख हवी. हेतू होता वरच्या थरातली सुपीक माती वाचवण्याचा. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर सगळीच राख उपयोगात आणण्याचे बंधन घातले.

मंडळी, वीतभर सुपीक माती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात. भट्टीत ती एका हंगामात जाते. तेव्हा घर बांधताना राखेच्या विटेचा विचार जरूर करा. मात्र घेण्याआधी विचारा, किती दिवस पाणी मारून मुरवली? आगीचे काम इथे पाण्याने करायचे असते. त्यात कुचराई झाली, तर वीट ठिसूळ निघते.