बिनटाक्याचं ऑपरेशन आणि आतड्याचा कॅन्सर



'टाक्याचं' आणि 'बिनटाक्याचं' हे दोन शब्द आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. कुटुंब नियोजनाच्या शिबिरांमुळे दुर्बीण गावोगाव पोचली. पोटाला बारीक भोक पाडायचं, आत वायू भरून पोट फुगवायचं आणि दुर्बिणीतून बघत काम करायचं. हीच दुर्बीण आतड्याच्या कॅन्सरपर्यंत कशी पोचली, आणि मध्येच तिला का थांबवलं गेलं, ते आज सांगते.

दुर्बिणीचा वापर आधी बायकांच्या डॉक्टरांनीच वाढवला. जर्मनीतल्या कील शहरातले कुर्ट सेम हे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी 1980 साली दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा सर्जन मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. 1985 मध्ये जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी पित्ताशय काढलं. आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांनी तेच 1990 साली केलं. आणि 1991 मध्ये अमेरिकेतल्या मायामीहून मोइसेस जेकब्स यांनी मोठ्या आतड्याचा भाग दुर्बिणीने काढल्याची हकिगत छापली.

पण पित्ताशय वेगळं आणि कॅन्सर वेगळा. कॅन्सरमध्ये आतड्याचा आजारी भाग, त्याच्या रक्तवाहिन्या आणि आजूबाजूच्या गाठी सगळं एकत्र काढावं लागतं, मग उरलेली दोन टोकं जोडावी लागतात. काढलेला तुकडा बाहेर घ्यायला छोटा का होईना छेद लागतोच, म्हणजे 'बिनटाक्याचं' हे इथे नावापुरतंच. फुलावर आलेलं गाजरगवत अरुंद फटीतून ओढून काढलं तर बी कुठे सांडेल? डॉक्टरांना तीच धास्ती होती.

1994 साली ती खरी वाटू लागली. हॉलंडच्या डॉक्टरांनी कळवलं की दुर्बिणीने ऑपरेशन केलेल्या त्यांच्या 14 रुग्णांपैकी तिघांना पोटाच्या त्या बारीक जखमांच्या जागीच कॅन्सरची गाठ आली. अमेरिकेतल्या आतड्याच्या सर्जनांच्या संघटनेने सांगितलं, की कॅन्सरसाठी ही पद्धत आता फक्त तपासणी-अभ्यासातच वापरायची. दुर्बिणीची यंत्रं विकणारे आणि ती शिकलेले डॉक्टर घाईत असताना हा लगाम घातला गेला, याचं मला फार मोल वाटतं.

मग अभ्यास सुरू झाला. अमेरिका आणि कॅनडातली 48 रुग्णालयं, 872 रुग्ण. कुणाचं पोट उघडायचं आणि कुणाचं दुर्बिणीने करायचं, हे डॉक्टरने ठरवायचं नाही आणि रुग्णानेही नाही. भिशीत चिठ्ठी काढतो तसं नशिबावर. नाहीतर डॉक्टर सोप्या केसेस दुर्बिणीला देणार आणि दुर्बीण चांगली ठरणार! सर्जनने अशी किमान 20 ऑपरेशनं आधी केलेली असावीत आणि एकाची फिल्म तज्ज्ञांना दाखवावी, अशी अटही होती. आपला जीव त्या चिठ्ठीवर सोडणाऱ्या 872 जणांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

दहा वर्षांनी, 2004 च्या मे महिन्यात निकाल छापून आला. तीन वर्षांत कॅन्सर परत आला तो दुर्बिणीवाल्यांत 100 पैकी 16 जणांना, पोट उघडलेल्यांत 18 जणांना. जिवंत होते 86 आणि 85. म्हणजे दोन्ही सारखेच. जखमेत गाठ येण्याचं प्रमाण दोन्हीकडे शेकडा एकाहून कमी. हॉलंडची भीती अननुभवी हातांच्या सुरुवातीच्या काळातली होती, असं आता मानतात.

आणि फायदा? दवाखान्यात 6 दिवसांऐवजी 5. वेदनेची इंजेक्शनं 4 दिवसांऐवजी 3. इतका गाजावाजा आणि फरक एका दिवसाचा, असं मला आधी वाटलं. पण रोजंदारी करणाऱ्या बाईला आणि तिच्याजवळ बसलेल्या बहिणीला विचारा एका दिवसाची किंमत. शिवाय ऑपरेशनला वेळ जास्त लागतो, 95 मिनिटांच्या जागी 150.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने 2000 साली पोट उघडूनच करा असं सांगितलं होतं. 2006 मध्ये तिने मत बदललं आणि दुर्बिणीलाही मान्यता दिली, पण शिकलेल्या हातांसाठीच. आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा, म्हणजे गुदाशयाचा वाद मात्र लांबला. 2015 साली आठ देशांतल्या 30 रुग्णालयांच्या अभ्यासात दोन्ही पद्धती सारख्या ठरल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या अभ्यासांना दुर्बीण तितकीच चांगली आहे असं दाखवता आलं नाही. तिथली जागाच चिंचोळी, हाडांच्या कड्यात अडकलेली.

म्हणून गाठ मोठी असेल, शेजारच्या अवयवाला चिकटली असेल किंवा आतडं बंद पडलं असेल, आणि डॉक्टर पोट उघडायचं म्हणाले, तर ते जुन्या वळणाचे आहेत असं समजू नका. अशी किती ऑपरेशनं केलीत, हे मात्र जरूर विचारा. त्या 2004 च्या अभ्यासात दुर्बिणीने सुरू केलेल्या 100 ऑपरेशनांपैकी 21 मध्ये मधूनच पोट उघडावं लागलं होतं. संमतीपत्रावर 'गरज पडल्यास पोट उघडून' अशी ओळ सहसा असते, ती याचसाठी. सही करण्याआधी ती घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.